मोन्तेव्हेर्दीच्या उलट्या वाटेने

वर्ष सरत आले की त्या वर्षाच्या टिपणवह्या समोर घेऊन बसायचे आणि काय पाहिले, काय ऐकले, कुठे गेलो याची उजळणी करायची, असा माझा जुना परिपाठ आहे. यंदाच्या वहीत जानेवारीतल्या अजिंठ्याची चार पाने आहेत, उन्हाळ्यातल्या दोन चित्रप्रदर्शनांविषयी जेमतेम एकेक ओळ आहे, मैफलींच्या तुटक नोंदी आहेत. परंतु पुन्हा वाचावीशी वाटणारी पाने मोजली तर ती निम्म्याहून अधिक ऑक्टोबरातल्या नऊ दिवसांची निघाली. त्या नऊ दिवसांत मी आणि माझी थोरली बहीण उत्तर इटलीत व्हेनिसपासून क्रेमोनापर्यंत गेलो. नकाशावर हे अंतर सरळ रेषेत दोनशे किलोमीटरही भरत नाही.

प्रवासाचा नियम माझा होता. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या काळोखात पद्मपाणीसमोर उभा असताना वाटले होते की हे चित्र इथून सोडवून एखाद्या उजळ दालनात टांगले, तर त्यातले निम्मे इथेच राहील. म्हणून या खेपेला संग्रहालये टाळायची, आणि ज्या भिंतीसाठी, ज्या वेदीसाठी, ज्या छतासाठी काम झाले तिथेच ते अजून असेल तेवढेच पाहायचे, असे मी ठरवले. ताई गाणे शिकलेली आहे आणि चित्रांपुढे ती फार वेळ रमत नाही. वर्षभर आम्ही दोघे क्लाउदिओ मोन्तेव्हेर्दी या चारशे वर्षांपूर्वीच्या इटालियन संगीतकाराचे संगीत ऐकत होतो, तेव्हा त्याची गावे वाटेत आली पाहिजेत, एवढी एकच अट तिने घातली. जातानाचे विमान व्हेनिसचे मिळाले आणि परतीचे मिलानहून, त्यामुळे क्रम आपोआप ठरून गेला. व्हेनिसमध्ये त्याची कबर, मान्तोव्हात त्याची उमेदीची वर्षे आणि क्रेमोनात त्याचा जन्म. एका माणसाच्या आयुष्यातून आम्ही मागे मागे जाणार होतो.

दिवस पहिला : व्हेनिस, फ्रारी

सामान टाकून दुपारी तडक फ्रारीच्या चर्चमध्ये गेलो. फ्रान्सिस्कन साधूंचे हे विटांचे अवाढव्य चर्च बाहेरून अगदी रुक्ष दिसते. आत शिरल्यावर साधूंच्या बैठकीपुढची संगमरवरी भिंत वाटेत आडवी येते, आणि तिच्या मधल्या कमानीतून, दूर मुख्य वेदीवर, टिशियनने रंगवलेले मेरीचे स्वर्गारोहण दिसते. १५१८ साली हे चित्र इथे बसवले गेले. त्याची उंची जवळजवळ सात मीटर आहे. वेदीच्या मागे उंच खिडक्यांची रांग असल्यामुळे पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर चित्राच्या बाजूनेच उजेड येतो, आणि एखादे हळुवार रंगांचे चित्र इथे पार झाकोळून गेले असते. टिशियनने मेरीला लाल वस्त्र दिले, खालच्या प्रेषितांपैकी दोघांना लाल दिले आणि वरचे आकाश तापल्या सोन्यासारखे पेटवले. त्या तीन लाल रंगांचा त्रिकोण वेदीजवळ गेल्यावर कळत नाही. तो दाराशी उभे राहिल्यावरच नजरेत भरतो.

हे चित्र १८१६ ते १९१९ या काळात इथे नव्हते, ते अकादेमिया संग्रहालयात होते. त्या शंभर वर्षांत ज्यांनी ते पाहिले त्यांना रंग आणि आकार हेच मिळाले असणार, पण कमान मिळाली नाही आणि डोळे दिपवणाऱ्या त्या खिडक्याही मिळाल्या नाहीत.

मोन्तेव्हेर्दीची कबर मुख्य वेदीच्या डावीकडच्या एका छोट्या प्रार्थनागृहात आहे. जमिनीत बसवलेली एक फरशी, तिच्यावर नाव, आणि कुणीतरी ठेवलेला ताजा गुलाब. १६१३ पासून १६४३ साली मृत्यू येईपर्यंत तो सान मार्को या व्हेनिसमधल्या प्रसिद्ध चर्चचा संगीतप्रमुख होता. ताई तिथे बराच वेळ उभी राहिली आणि मग अगदी हळू आवाजात तिने चार स्वर गुणगुणले : सा, कोमल नी, कोमल ध, प. १६३८ साली व्हेनिसमध्येच छापलेल्या त्याच्या एका विलापगीतात खर्जाचे हे चार उतरते स्वर पुन्हा पुन्हा येत राहतात आणि त्यांच्यावर एक स्त्री आपले दुःख गाते. गायिकेने हाताच्या तालाने गाऊ नये, मनाच्या लयीने गावे, अशी सूचना त्याने स्वतः लिहून ठेवली आहे. "खाली आवर्तन ठरलेले आणि वर बाई मोकळी," ताई म्हणाली, "हे मला कुणी वेगळे समजावून सांगायला नको."

दिवस दुसरा : आरशातले छत

स्कुओला ग्रान्दे दि सान रोक्को ही एका धर्मादाय बंधुसंघाची इमारत आहे, आणि टिंटोरेटोने १५६४ पासून १५८८ पर्यंत, म्हणजे सुमारे पाव शतक, तिच्या भिंती आणि छते रंगवली. काम त्याने मिळवले कसे, याची कथा प्रसिद्ध आहे : छतातल्या एका चित्रासाठी संघाने चित्रकारांकडून कच्चे आराखडे मागवले, आणि याने आराखडा न आणता पूर्ण झालेले चित्रच छतात बसवून ते भेट म्हणून देऊन टाकले. भेट नाकारणे संघाच्या नियमांत बसत नव्हते. इतर चित्रकार चिडले असणारच, आणि मला त्यांचे म्हणणे पटते.

वरच्या मजल्यावरच्या मोठ्या दालनात छत पाहण्यासाठी हातात धरायचे आरसे ठेवलेले असतात. मान वर करून दुखवण्यापेक्षा आरसा आडवा धरून त्यात पाहत हिंडायचे. सगळे लोक खाली मान घालून हळूहळू चालत आहेत, प्रत्येकाच्या ओंजळीत आकाशाचा एक तुकडा आहे, असे ते दृश्य दिसते. शेजारच्या छोट्या दालनात मात्र आरसा ठेवून द्यावा लागतो. तिथे १५६५ चे क्रूसारोहण आहे, सुमारे बारा मीटर रुंद. मधोमध क्रूसावर ख्रिस्त, आणि त्याच्या भोवती दोर ओढणारे, खड्डा खणणारे, शिड्या सावरणारे, घोड्यांवरून नुसते बघत बसलेले लोक. एका माणसाला मारण्यासाठी किती जणांना अंगमेहनत करावी लागते, हे मला या चित्राइतके स्पष्ट दुसऱ्या कुठल्या चित्रात दिसलेले नाही.

संध्याकाळ वाया गेली. पर्यटकांसाठी रोज होणाऱ्या एका मैफलीची तिकिटे आम्ही मोहाने घेतली होती. अठराव्या शतकातले टोप आणि झगे घातलेल्या वादकांनी विवाल्डीचे चारही ऋतू अशा घाईने उरकले की पानगळ आणि हिवाळा यांतला फरक कळला नाही. ताई मध्यंतरातच उठली.

दिवस तिसरा : खरी जागा, खोटे चित्र

सान जोर्जो माज्जोरे हे बेट सान मार्कोच्या चौकासमोर, पाण्यापलीकडे आहे. तिथल्या बेनेडिक्टाइन मठाच्या भोजनगृहासाठी पाओलो व्हेरोनेझेने १५६२-६३ मध्ये 'कानाचे लग्न' रंगवले. काना गावातल्या लग्नात येशूने पाण्याचे मद्य केले तो प्रसंग. पण चित्रात सव्वाशेहून अधिक माणसे, खांब, सज्जे, चांदीची भांडी, कुत्री, मांजर अशी एका श्रीमंत लग्नातली सगळी वर्दळ आहे. १७९७ साली नेपोलियनच्या सैन्याने ते भिंतीवरून काढले, तुकडे करून पॅरिसला नेले आणि तेव्हापासून ते लूव्रमध्ये आहे. तिथे मी ते काही वर्षांपूर्वी पाहिले होते, किंवा पाहिले असे म्हणण्यापुरते पाहिले होते, कारण ते मोना लिसाच्या समोरच्या भिंतीवर आहे आणि त्या दालनातले जवळजवळ सगळे लोक त्याच्याकडे पाठ करून उभे असतात.

२००७ साली या भोजनगृहाच्या भिंतीवर त्या चित्राची हुबेहूब प्रतिकृती बसवण्यात आली. लूव्रमध्ये मूळ चित्राची बारीक मोजणी आणि छायांकन करून, त्यावरून ती मूळ आकारात, म्हणजे जवळजवळ दहा मीटर रुंद आणि पावणेसात मीटर उंच, तयार केली आहे. माझ्या नियमात हे बसत नव्हते. नियम होता जागेवरचे मूळ काम पाहण्याचा. इथे जागा मूळ होती आणि काम नक्कल. मी थोडा नाराजीनेच आत गेलो आणि दारात थबकलो.

हे दालन पालादिओ या वास्तुकाराने बांधलेले आहे. लांब, उंच, पांढऱ्या भिंतींचे, बाजूने खिडक्या. चित्र समोरच्या भिंतीवर, माणसाच्या डोक्याहून पुष्कळ वर सुरू होते, आणि तसे ते असल्याबरोबर त्यातल्या सगळ्या गोष्टी आपापल्या जागी जाऊन बसल्या. लूव्रमध्ये चित्रातले खांब मला नाटकाच्या पडद्यासारखे वाटले होते. इथे दालनाच्या कडांच्या रेषा सरळ चित्रात शिरत होत्या, चित्रातले आकाश म्हणजे दालनाला पडलेले खिंडार वाटत होते, आणि खालची मेजवानी आपल्या शेवटच्या बाकानंतर लगेच सुरू होत होती. चित्रातला उजेड आणि खिडकीतला उजेड यांच्यात भांडण नव्हते.

चित्राच्या मधोमध, येशूच्या बरोबर पुढे, वादकांचा एक मेळा बसला आहे. पांढऱ्या झग्यात व्हिओल वाजवणारा म्हणजे स्वतः व्हेरोनेझे आणि लाल झग्यात मोठे खर्जाचे वाद्य धरून बसलेला म्हणजे टिशियन, अशी जुनी समजूत आहे. ताईने विचारले, "इथे जेवायला बसणारे साधू बोलत होते का?" बेनेडिक्टाइन रीतीप्रमाणे जेवताना मौन असते; एक जण धर्मग्रंथातले वाचतो आणि बाकीचे ऐकतात. म्हणजे दोनशेहून अधिक वर्षे रोज मुकाट्याने जेवणाऱ्या माणसांसमोर हा मेळा न वाजणारे संगीत वाजवत बसला होता. हा विनोद व्हेरोनेझेने जाणून केला असेल, असे मला आता वाटते. लूव्रमध्ये तो कळणे शक्यच नव्हते, कारण तिथे समोरचे मुके साधूच नाहीत.

परतीच्या बोटीत मी नियमाचा पुनर्विचार केला. मूळ चित्राचा एकही रंगकण या दालनात नाही, आणि तरीही व्हेरोनेझे मला पहिल्यांदा इथे भेटला. वर्षातले सर्वांत आवडते चित्र कोणते, असे कुणी विचारले तर मला एका प्रतिकृतीचे नाव घ्यावे लागेल. ही गोष्ट मी चित्रकार मित्रांना सांगितली तेव्हा त्यांना ती आवडली नाही.

दिवस चौथा : सान मार्को

रविवार होता म्हणून तिकिटांच्या रांगेत न राहता सकाळच्या गायनासहित होणाऱ्या प्रार्थनेला गेलो. सान मार्कोच्या आत आठ हजार चौरस मीटरहून अधिक कुट्टिमचित्रे, म्हणजे बारीक तुकडे जडवून केलेली मोझेक चित्रे, आहेत आणि त्यातले बहुतेक सोने आहे, परंतु पर्यटक म्हणून गेले की ते एखाद्या दागिन्यांच्या पेटीसारखे दिसते. प्रार्थनेला बसले की डोळे एका जागी राहतात, दिवे उजळतात, मंद होतात, आणि वरचे सोने आपला रंग बदलत असते.

या चर्चमध्ये गायकांचे दोन ताफे समोरासमोरच्या सज्ज्यांत उभे करून सवाल-जवाबासारखे गायन होत असे, असे बहुतेक मार्गदर्शक सांगतात. १५२७ साली संगीतप्रमुख झालेल्या विलार्टच्या काळापुरते तरी अभ्यासकांनी ते तपासून पाहिले आहे, आणि जुन्या कागदपत्रांवरून दोन्ही ताफे बहुधा एकाच ठिकाणी उभे राहून गात, असे दिसते. समोरासमोरच्या सज्ज्यांची कथा मला आवडत होती, त्यामुळे ती सोडून देणे जड गेले. पण आतला नाद ऐकल्यावर कथेची गरजच उरत नाही. पाच घुमट स्वर झेलून धरतात आणि सावकाश खाली सोडतात. वाक्य संपल्यावर गायक थांबतात, कारण आधीचे वाक्य अजून हवेत असते. जोव्हानी गाब्रिएलीने १५९७ साली छापलेल्या रचनेत कुठे हळू आणि कुठे मोठ्याने वाजवायचे हे लिहिले आणि कोणते वाद्य कोणी वाजवायचे तेही नेमून दिले. असे लिहिण्याची निकड याच नादात काम करणाऱ्याला वाटावी, हे तिथे बसल्यावर उमगले.

प्रार्थनेनंतर ताई म्हणाली की अशा जागी तान घेणे म्हणजे चिखलात पळणे. इथे स्वर लावायचा आणि वाट पाहायची. मी वहीत ते जसेच्या तसे उतरवले.

दिवस पाचवा : पादोव्हा, पंधरा मिनिटे

व्हेनिसहून पादोव्हा आगगाडीने अर्ध्या तासावर आहे. स्क्रोव्हेन्यी प्रार्थनागृहाची वेळ कित्येक दिवस आधी ठरवून घ्यावी लागते. ठरलेल्या वेळी एका लहान गटाला आधी काचेच्या खोलीत पंधरा मिनिटे बसवतात, म्हणजे बाहेरून आलेल्या माणसांबरोबरची दमट हवा आणि धूळ आत जात नाही, आणि मग आत पंधरा मिनिटे. ही वाट पाहण्याची पंधरा मिनिटे मला त्रासदायक वाटली नाहीत. उलट देवळात जाण्याआधी पाय धुवावेत तशी ती वाटली.

एन्रिको स्क्रोव्हेन्यी या धनाढ्य माणसाने हे बांधले आणि २५ मार्च १३०५ रोजी त्याची प्रतिष्ठापना झाली. त्याच्या बापाला दान्तेने आपल्या महाकाव्यात नरकातल्या सावकारांमध्ये बसवले आहे. दारावरच्या अंतिम निवाड्याच्या चित्रात एन्रिको गुडघे टेकून या वास्तूची छोटी प्रतिकृती अर्पण करताना दिसतो. बापाचे व्याज फेडण्याचा हा प्रयत्न असावा, असे बऱ्याच जणांचे म्हणणे आहे.

आत गेल्यावर प्रथम फक्त निळे दिसते. छत निळे, त्यावर सोनेरी तारे, प्रत्येक चित्रामागचे आकाश निळे. ही भित्तिचित्रे रंगवणाऱ्या जोत्तोने बहुतेक काम ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर केले. एका दिवसात रंगवून होईल तेवढाच गिलावा लावायचा आणि तो सुकायच्या आत रंग द्यायचा, म्हणजे रंग चुन्याशी एकजीव होतो. निळा रंग मात्र या रीतीला दाद देत नाही. तो नंतर कोरड्या भिंतीवर चढवावा लागतो, आणि म्हणून काळाच्या ओघात आधी तोच गळतो. काही वस्त्रांवर तो उडालेला स्पष्ट दिसतो. अजिंठ्याचे काम तर सगळेच कोरड्या भिंतीवरचे आहे : मातीचा लेप, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग. तिथे पोपडे का सुटतात आणि इथे चेहरे का टिकले, याचे उत्तर जानेवारीत मिळाले नव्हते, ते ऑक्टोबरात मिळाले.

मी दोनच चित्रांना वेळ दिला. यहुदाच्या चुंबनात त्याचा पिवळा झगा ख्रिस्ताला जवळजवळ गिळून टाकतो, आणि त्या सगळ्या भाले-मशालींच्या गर्दीत दोन चेहरे एकमेकांकडे अगदी शांतपणे पाहतात. ख्रिस्ताच्या शवाभोवतीच्या शोकाच्या चित्रात दोन बायका आपल्याकडे पाठ करून बसल्या आहेत. त्यांचे तोंड दिसत नाही, नुसती वाकलेली पाठ दिसते, आणि दुःख तिथेच आहे. वर आकाशात देवदूत माणसांसारखेच आक्रोश करतात. तेवढ्यात घंटा झाली.

बाहेर आल्यावर हाकेच्या अंतरावरच्या एरेमितानी चर्चमध्ये गेलो. ११ मार्च १९४४ रोजी बॉम्ब पडून या चर्चचा मोठा भाग कोसळला आणि तरुण मान्तेन्याने रंगवलेल्या प्रार्थनागृहाच्या भिंतींचा चुरा झाला. गोळा केलेले हजारो तुकडे जुन्या छायाचित्रांवरून जुळवून आता भिंतीवर बसवले आहेत. मधेमधे रंगाचे बेटासारखे तुकडे आणि बाकी सारे छायाचित्राचे फिके सावट. तोच बॉम्ब थोडा इकडे, स्क्रोव्हेन्यीवर, पडला असता तर, हा विचार तिथे टाळता येत नाही. जागेवर राहिलेली कला जागेबरोबरच मरते, हे माझ्या नियमाच्या विरुद्ध बाजूचे म्हणणे होते आणि ते खोटे नव्हते.

दिवस सहावा : व्हिचेंझा

दोन गाड्यांच्या मधल्या चार तासांत फक्त तेआत्रो ओलिम्पिको पाहिले. पालादिओने १५८० साली हे नाट्यगृह सुरू केले आणि त्याच वर्षी तो वारला. रंगमंचामागचे लाकडाचे आणि गिलाव्याचे रस्ते वास्तुकार स्कामोझीने पुरे केले. ३ मार्च १५८५ रोजी सोफोक्लीझच्या 'राजा ईडिपस'ने ते उघडले आणि त्यातल्या समूहगायनाचे संगीत आंद्रेआ गाब्रिएलीचे होते, म्हणजे सान मार्कोत भेटलेल्या जोव्हानीच्या काकाचे. त्या एका नाटकासाठी थीब्स नगराचे रस्ते म्हणून उभारलेला देखावा अजून तसाच आहे. रस्ते मागे जाताना चढतात आणि दोन्हीकडची घरे लहान लहान होत जातात, त्यामुळे थोडक्या जागेत लांबवरचे नगर दिसते. एखादा नट चुकून आत गेला तर तो घरांच्या माळ्याएवढा उंच दिसेल. ताईला ते फार आवडले नाही. "एकदाच गायलेली चीज जन्मभर टांगून ठेवल्यासारखे वाटते," असे तिचे मत पडले.

दिवस सातवा : मान्तोव्हा

व्हेरोनाला गाडी बदलून मान्तोव्हाला पोहोचलो तेव्हा धुके होते. गाव तीन बाजूंनी मिंचो नदीच्या तळ्यांनी वेढलेले आहे, आणि पाण्याच्या पलीकडून पाहिले तर इथल्या गोंझागा या राजघराण्याचा राजवाडा तरंगत असल्यासारखा दिसतो.

राजवाड्यात शेकडो दालने आहेत आणि त्यातली पुष्कळ रिकामी आहेत. १६२७-२८ च्या सुमारास गोंझागांनी आपला चित्रसंग्रह इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सला विकला, आणि १६३० मध्ये पवित्र रोमन सम्राटाच्या सैन्याने शहर लुटले. जे उचलता येत होते ते गेले. मान्तेन्याने कापडावर रंगवलेली सीझरच्या विजययात्रेची मालिका आज इंग्लंडच्या राजसंग्रहात आहे. पण त्यानेच रंगवलेल्या एका चौरस खोलीच्या भिंती कुणाला विकता आल्या नाहीत, आणि तीच पाहायला लोक इतक्या लांबून येतात.

१४७४ साली पूर्ण झालेल्या या खोलीत लुदोव्हिको गोंझागा हातात एक पत्र घेऊन बसला आहे आणि बाजूला वळून कारभाऱ्याशी बोलतो आहे. शेजारी बायको बार्बारा, मुले, एक ठेंगणी स्त्री, खुर्चीखाली कुत्रा. कुणीही आपल्याकडे पाहण्यासाठी बसलेले नाही. राज्यकर्त्यांना इतक्या घरगुती अवस्थेत रंगवायला चित्रकाराच्या अंगात धीटपणा लागतो आणि धन्याच्या अंगात समजूत. वर छताच्या मधोमध एक गोल उघडा झरोका रंगवला आहे. त्याच्या कठड्यावरून बायका खाली वाकून हसतात, गुबगुबीत बालके कठड्याला लटकतात, आणि एका काठीच्या आधाराने ठेवलेली झाडाची कुंडी आपल्या डोक्यावर पडेल की काय असे वाटते. २०१२ च्या भूकंपानंतर ही खोली बंद होती आणि २०१५ मध्ये ती पुन्हा उघडली. रंगवलेली कुंडी पडली नाही, पण भिंतींना तडे गेले होते.

याच राजवाड्यात २४ फेब्रुवारी १६०७ रोजी मोन्तेव्हेर्दीचे 'ओर्फेओ' हे संगीतनाटक प्रथम सादर झाले. नेमके कोणते दालन, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही, म्हणून आम्ही एका लांबलचक दालनातल्या बाकावर बसलो आणि हेच ते, असे आपापसात ठरवून टाकले. ओर्फेओ मेलेल्या बायकोला परत आणायला पाताळात जातो आणि नदीवरच्या नावाड्याला गाऊन वश करू पाहतो, ते गीत या नाटकाच्या मध्यभागी आहे. १६०९ च्या छापील प्रतीत मोन्तेव्हेर्दीने ते दोन ओळींत दिले आहे : वरच्या ओळीत साधी चाल, खालच्या ओळीत तीच चाल हरकती, मुरक्या आणि तानांनी भरलेली. ताईने हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा मार्च महिना होता, आणि तेव्हापासून ती या माणसाच्या मागे लागली. तिच्या दृष्टीने वरची ओळ ही बंदिश आणि खालची ओळ ही त्या दिवशीची उपज. फक्त आपल्याकडे उपज कुणी छापून ठेवली नाही. गंमत अशी की इतके अलंकार घालून गायल्यावर नावाड्याला दया येत नाही, तो नुसता झोपी जातो. गाण्याविषयी इतके खरे बोलणारा संगीतकार मला दुसरा आठवत नाही.

१६०७ च्याच सप्टेंबरात मोन्तेव्हेर्दीची बायको क्लाउदिया वारली. ती स्वतः गायिका होती. पुढल्या वर्षी त्याने 'आरियान्ना' लिहिला. त्यातला नायिकेचा विलाप तेवढा उरला आहे आणि बाकीचे संगीत हरवले आहे. त्या बाकावर बसून आम्ही एकेका कानात एक असे करून तो विलाप ऐकला. पहारेकरी दोनदा आमच्याकडे पाहून गेला.

दिवस आठवा

सकाळी गावाच्या दुसऱ्या टोकाच्या 'पालात्सो ते' या राजवाड्यात जुलिओ रोमानोचे राक्षसांचे दालन पाहिले. भिंती आणि छत यांच्यामधला कोपरा बुजवून सलग रंगवल्यामुळे सगळी खोली अंगावर कोसळते. मला चित्रे बटबटीत वाटली. ताईला मात्र तिथले एक वेगळेच गुपित सापडले : एका कोपऱ्यात भिंतीला तोंड लावून कुजबुजले की समोरच्या कोपऱ्यात ते स्वच्छ ऐकू येते. तिने तिथून मला एक बोल ऐकवला आणि मी इकडून दाद दिली.

दुपारी क्रेमोनाची गाडी. १६१३ साली मोन्तेव्हेर्दी मान्तोव्हा सोडून नव्या नोकरीसाठी व्हेनिसला निघाला तेव्हा वाटेत त्याला दरोडेखोरांनी लुटले होते. आमचे काही हरवले नाही, फक्त गाडी पन्नास मिनिटे उशिरा आली.

दिवस नववा : क्रेमोना

मे १५६७ मध्ये इथे मोन्तेव्हेर्दीचा बाप्तिस्मा झाला. बाप औषधविक्या होता आणि मुलाचे पहिले संगीत १५८२ मध्ये, त्याच्या पंधराव्या वर्षी छापले गेले. त्याच्या लहानपणी या गावात आंद्रेआ आमाती व्हायोलिने बनवत होता. पुढे आमातींच्या घराण्यामागून स्त्रादिव्हारी आणि ग्वार्नेरी यांची घराणी इथेच नावारूपाला आली. आजही गल्ल्यांतून चालताना उघड्या दारांमधून वाद्यांचे अर्धवट कोरलेले पोट आणि टांगलेल्या माना दिसतात. पोटासाठी आल्प्समधला स्प्रूस, पाठीसाठी मेपल. एका कारागिराच्या दारात ताई थांबली आणि त्याने वाद्याच्या आत, घोडीच्या जवळ, उभी बसवलेली एक छोटीशी काडी दाखवली. ती ना चिकटवलेली असते, ना खिळलेली. नुसत्या दाबाने उभी राहते आणि केसभर सरकली तरी वाद्याचा आवाज बदलतो. इटालियनमध्ये तिला आनिमा, म्हणजे आत्मा, म्हणतात. ताईने हातवारे करून त्याला तंबोऱ्याच्या घोडीवरच्या दोऱ्याविषयी सांगितले, तो पुढेमागे सारून जवारी कशी उघडते ते बोटांनी दाखवले. मिरजेत तंबोरा जुळवून घेताना तिने हे तासन् तास पाहिलेले आहे. भाषा दोघांना एकमेकांची येत नव्हती. पण त्याने मान हलवली ती समजूनच हलवली.

शेवटी व्हायोलिनच्या संग्रहालयात गेलो, म्हणजे माझा नियम मी शेवटच्या दिवशी स्वतःच मोडला. २०१३ साली उघडलेल्या या संग्रहालयात जुनी वाद्ये एकेका काचेच्या कपाटात उभी टांगलेली आहेत आणि त्यांच्यावर उजेड पडतो तेव्हा वार्निशाखाली मेपलचे पट्टे हलतात. मला त्यांच्याकडे पाहून काही होईना. इथेच बनलेली वाद्ये इथेच होती, म्हणजे जागा बरोबर होती, आणि तरीही ती सान जोर्जोतल्या चित्रासारखी बोलत नव्हती. एक कपाट रिकामे होते. आत नुसती वाद्य अडकवायची दांडी आणि खाली नावाची पाटी. दोन मुली त्या रिकाम्या कपाटाचे छायाचित्र घेत होत्या. मी पहारेकऱ्याला खुणेने विचारले, तर त्याने घड्याळ दाखवले आणि इमारतीच्या दुसऱ्या बाजूला बोट केले.

तिथे याच इमारतीतले लाकडाचे, वळणावळणांचे, जेमतेम साडेचारशे आसनांचे सभागृह आहे. नादशास्त्रज्ञ यासुहिसा तोयोता यांच्या हिशेबाने ते घडवलेले आहे. वादक मध्यभागी उभा राहतो आणि लोक त्याच्या भोवती बसतात. ही जुनी वाद्ये वाजती राहावीत म्हणून इथे छोट्या मैफली होतात. २०१९ च्या जानेवारीत या वाद्यांचे एकेक स्वर ध्वनिमुद्रित करून ठेवण्याचे काम चालू होते, तेव्हा महापौरांनी गावाला आवाज न करण्याची विनंती केली होती आणि आसपासचे रस्ते रहदारीला बंद केले होते. त्या दिवशी मात्र बाहेर नेहमीची रहदारी होती आणि आत एक तरुण बाई एकटी उभी राहून बाखची एकल व्हायोलिनची रचना वाजवत होती. बाखच्या हस्तलिखितावर १७२० हे साल आहे. तिच्या हातातले वाद्य त्याच सुमाराचे. पहिला स्वर लागला आणि ताईने माझे मनगट धरले. पुढची वीस मिनिटे तिने ते सोडले नाही.

निघताना आम्ही पुन्हा त्या दालनातून गेलो. कपाट अजून रिकामेच होते. ताईने काचेवर नाक टेकवून आत पाहिले आणि म्हणाली, "हे सगळ्यांत छान दिसते आहे."

मिलानची गाडी साडेपाचची होती. फलाटावर बसून मी वहीत त्या कपाटाचे चित्र काढले. चार रेघा, एक दांडी आणि खाली पाटी.